चौपन्न अंशांचं पाणी

ऑल्डर पॉइंट, मिशिगन
१६ एप्रिल १९६८

प्रिय सायमा,

नाताळच्या कार्डाशिवाय माझं पत्र आलं म्हणजे कोण गेलं, हे तू आधी शोधशील. कुणी गेलेलं नाही. आयली धडधाकट आहे, मीही आहे. मिठाच्या कारखान्यात आता आठवड्यातून तीनच दिवस काम असतं, आणि रिकामा नवरा घरात बसला की बायकोचं काय होतं ते तुला माझ्या आयलीनं सांगावं.

मुद्द्यावर येतो. तुमच्या समुद्रातला सॅमन आता आमच्या सरोवरात आलाय. सरकारनं दोन वर्षांपूर्वी बोटाएवढी पिल्लं नदीत सोडली होती, ती मागच्या पानगळीत हातभर होऊन परतली. डेट्रॉइटचे न्हावी आणि दंतवैद्य पत्र्याच्या होड्यांतून सॅमन धरत होते आणि मी धक्क्यावर उभा राहून बघत होतो. त्या रक्तपित्या बाम माशांनी ट्राउट संपवले, तेव्हापासून बाबांची होडी 'हिल्मा' शेडमध्ये उलटी पडून आहे. पंधरा वर्षं झाली.

आता माझा पराक्रम ऐक. डिर्क व्हँडरवालनं हायवेवर मोटेल काढलंय. तीन वर्षं तो माझ्याकडे 'हिल्मा' मागतोय. हिरवळीवर ठेवून तिच्यात लाल फुलं लावायची म्हणे. परवा लेम्पीच्या कॅफेत तो म्हणाला, "रेइनो, होडीत मासे नाहीत तर निदान जिरेनियम तरी असू देत." सगळे हसले. आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "लेबर डेपर्यंत या होडीतून एक सॅमन आणला नाही, तर घेऊन जा आणि लाव तुझी फुलं." कॉफीचा कप हातात होता आणि पंधरा माणसं ऐकत होती. आपल्या फिनिश लोकांत याच्यापुढे कागद लागत नाही, हे तुला सांगायला नको.

लेबर डे दोन सप्टेंबरला आहे. गाव निर्धास्त आहे. सदतीस सालच्या धुक्यात ज्यानं साठ ट्राउट आणले त्याला एक सॅमन म्हणजे काय, असं म्हणतात. तू आणि आरविदनं, नवराबायकोनं, पंचवीस वर्षं सॅमनमागे गळ ओढलेत. होडीला काय काय लावू? आणि हा मासा असतो कुठे?

तुझा भाऊ
रेइनो


अ‍ॅस्टोरिया, ऑरेगन
२४ एप्रिल १९६८

प्रिय रेइनो,

पत्र वाचून आरविदला इतकं हसू आलं की त्याची पाठ पुन्हा धरली.

सदतीस सालच्या धुक्याची गोष्ट मलाही माहीत आहे. तुझ्यापेक्षा जरा जास्तच. तू तेवीस वर्षांचा घोडा गालगुंड होऊन अंथरुणात पडला होतास, तोंडाला फडकं बांधून. बाबांची कंबर गेली होती. पहाटे मी होडीतलं पाणी उपसायला जाते म्हणून गेले आणि 'हिल्मा' घेऊन निघाले. साठ ट्राउट घेऊन परतले तेव्हा बाबा धक्क्यावर चार लोकांना सांगत होते, "रेइनो गेला होता. दमलाय, झोपलाय." एकोणीस वर्षांची पोरगी होडीवर गेली म्हटलं तर लोक म्हणतील घरात पुरुष नाही, असं मला नंतर समजावलं. मी माशांच्या खोक्याशेजारी उभी होते. पुढच्याच वर्षी मी इकडे मावशीकडे आले ते तुला आठवत असेल. आणि मरताना बाबांनी काय सांगितलं? "धुक्यात गेला त्याची होडी." चारचौघांत. आयत्या बिळावर नागोबा!

असो. मला राग येतो पण तो तुझ्यावर किती आणि बाबांवर किती, याचा हिशेब अजून लागलेला नाही. 'हिल्मा'त फुलं लावलेली मात्र मी खपवून घेणार नाही.

तेव्हा आधी मला होडी सांग. सीडरच्या फळ्या किती सुकल्यात? फटीतून पोस्टकार्ड जातं का? कण्याला हातोडी मारून बघ, आवाज टणक येतो की भुसभुशीत? एंजिन कुठलं बसवणार? सॅमनचं नंतर. आणि हो, त्या सॅमनपैकी एखाद्याचं पोट फाडून बघितलंस का? काय खातो तो तिथे? इथे तो हेरिंग खातो. गोड्या पाण्यात त्याला कोण वाढतं, हे मला कळल्याशिवाय झोप येणार नाही.

आमची होडी यंदा आरविदच्या पाठीमुळे किनाऱ्यावर आहे. त्याबद्दल मग कधी तरी.

सायमा


ऑल्डर पॉइंट
१९ मे १९६८

प्रिय सायमा,

तू जे लिहिलंस ते सगळं खरं आहे. आयलीला ते माहीत नाही. माझ्याशी लग्न केलं तेव्हा तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, "धुक्यात एकटा जातो तो माणूस संकटात पळून जाणार नाही." एकोणतीस वर्षं झाली. आता कुठल्या तोंडानं सांगू?

होडीचं सांगतो. फटीतून पोस्टकार्ड नाही, बायबल गेलं असतं. कणा मात्र टणक. फटींत कापसाच्या वाती ठोकल्या, वरून लाल लुकण भरलं, आणि तू सांगण्याआधीच बाबांची जुनी युक्ती केली: धक्क्याला बांधून तिला पाण्यात बुडू दिली. फळ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत तीन दिवस फक्त तिच्या नाळेचं पुढचं टोक वर दिसत होतं. डिर्क रोज सकाळी येऊन टोपी काढून उभा राहायचा, मयताला आल्यासारखा. चौथ्या दिवशी पाणी उपसलं आणि थेंब आला नाही! त्या दिवशी डिर्कनं कॉफी पाजली.

एंजिन चार सिलिंडरचं, जुन्या गवतकापणी यंत्राचं. आवाज बराय. मागे दोन्ही बाजूंना लहान रहाट बसवलेत, त्यांवर पोलादी तार, आणि तारेच्या टोकाला वजन म्हणून पाडलेल्या शाळेच्या खिडक्यांची तावदानं तोलणारे लोखंडी दांडे. तारेवर दर दहा फुटांना लाल रंगाची खूण. मासेमारीच्या काठीचा दोरा वजनाशी आयलीच्या कपड्यांच्या चिमट्यात अडकवायचा. मासा ओढेल, चिमटा सुटेल, दोरा मोकळा. हे मी डेट्रॉइटवाल्यांचं बघून केलं. आयलीचे अकरा चिमटे आतापर्यंत सरोवरात गेले. ती म्हणाली, "मला बरोबर ने, निदान चिमटे तरी मोजीन." मी नाही म्हटलं. बाई होडीवर आली की मासा जातो, हा बाबांचा नियम गावात अजून पाळतात.

हो, हे लिहिताना माझंच मला कसंसं झालं. पण नियम तो नियम.

मासे पोटात काय घेऊन फिरतात ते कळलं. एलवाइफ. मागच्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर गुडघाभर मरून पडली होती ना, वर्तमानपत्रात आलं होतं, ती चांदीची चिंगळी. सॅमनला इथे रोज लग्नाचं जेवण आहे.

रेइनो


अ‍ॅस्टोरिया
२७ मे १९६८

प्रिय रेइनो,

कपड्यांचा चिमटा! आरविदला वाचून दाखवलं तर तो उठून दोरीवरचा चिमटा काढून बघायला लागला. आमच्याकडे हे कुणाला सुचलं नव्हतं. शाबास, ज्या कुणा न्हाव्याचं हे डोकं असेल त्याला.

आता नीट वाच. पहिलं, वेग. ट्राउटच्या चालीनं जाऊ नकोस. ट्राउट म्हातारा जमीनदार आहे, तो बसल्या जागी जेवतो. तुमच्याकडे सोडलाय तो कोहो जातीचा सॅमन पळतं अन्न धरतो. नाळेजवळ लाकडाचा तुकडा टाक आणि मागच्या टोकाशी येईपर्यंत मोज. सहा-सात आकड्यांत आला पाहिजे. तुझा किती येतो ते लिही.

दुसरं, खोली. इथे मी भरती-ओहोटी बघते, तिथे ती नाहीच, त्यामुळे मी आंधळी आहे. पण इथल्या सरकारी माणसानं मला एकदा सांगितलं होतं की कोहोला चौपन्न अंश फॅरनहाइटचं गारसर पाणी आवडतं. सरोवरात चौपन्न अंश कुठे आहेत? आयलीकडे दुधाचा थर्मामीटर असेल. तो बाटलीत घाल, बाटलीला बूच लाव, बुचाला वेगळी दोरी. खाली सोडून बूच ओढायचं, पाच मिनिटं थांबायचं, वर घ्यायचं. दर वीस फुटांचा आकडा मला पाठव. मला आत्ताच हवाय!

तिसरं. एक माणूस सुकाणू धरतो, दुसरा गळ बघतो. एकट्यानं हे काम होत नाही. पंचवीस वर्षं आमच्या होडीवर सुकाणूला कोण होतं असं तुला वाटतं? मासे काही पळून गेले नाहीत. आणि सदतीस सालीही गेले नव्हते. आयलीला ने.

सायमा


ऑल्डर पॉइंट
३० जून १९६८

प्रिय सायमा,

घे तुझे आकडे. वर चौसष्ट. वीस फुटांवर एकसष्ट. चाळीसवर चौपन्न! साठवर अठ्ठेचाळीस. त्याखाली थंडगार, शंभर फुटांवर तळाशी बेचाळीस. मला वाटत होतं पाणी वरून खाली हळूहळू गार होत जातं. तसं नाही, मधेच पायरी उतरल्यासारखं गार होतं. हे बाबांना माहीत होतं का गं? एवढं आयुष्य त्यांनी या पाण्यावर काढलं.

आकडे घेताना बाटली तीनदा फुटली आणि थर्मामीटर एकदा. आयली नवा आणायला गेली तेव्हा दुकानदार म्हणाला, "एवढं कसलं चीज करताय तुम्ही?"

लाकडाचा तुकडा तेरा आकड्यांत येतो. एंजिन वाढवलं की वजनाची तार मागे तिरकी जाते, मग सुकाणू सोडून तिकडे धावावं लागतं, तोवर होडी गोल फिरते आणि दोन्ही दोऱ्यांची वेणी होते. मासा एकही नाही. पण तो कुणालाच नाही, सगळे म्हणतात की सॅमन अजून दक्षिणेला शिकागोकडे आहे, ऑगस्टात वर येईल. तोवर मी तळ घासून सराव करतोय. आयली रोज सकाळी रबरी बूट घालून दारात उभी राहते आणि मी निघालो की काढून ठेवते.

तुमची होडी पाण्यात गेली का?

रेइनो


अ‍ॅस्टोरिया
८ जुलै १९६८

प्रिय रेइनो,

तुझे आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेत. चाळीस फूट! तुझा मासा तिथेच राहणार, ज्या दिवशी येईल त्या दिवशी. वारा कुठून आहे त्याप्रमाणे ही पायरी वरखाली होते का? पश्चिमेचा वारा दोन दिवस वाहिल्यावर पुन्हा मोजशील? आणि एलवाइफ कुठल्या थरात असते? माझ्याकडे प्रश्न आहेत आणि बघायला पाणी नाही, अशी गत झालीये.

पण एक कळलं नाही. चौपन्न अंश चाळीसवर, तर तू शंभरावर तळ कशाला घासतोयस?

आणि त्या बाईचे बूट पाहवत नाहीत मला इथून.

सायमा


ऑल्डर पॉइंट
१८ ऑगस्ट १९६८

प्रिय सायमा,

सॅमन आलेत. आठवडा झाला. बंदरात गाड्या लावायला जागा नाही. काल एका चष्मेवाल्या दंतवैद्यानं नऊ धरले आणि मला विचारलं, "आजोबा, तुम्हाला किती?" मी चौपन्न वर्षांचा आहे गं.

मला एकही नाही. लेबर डेला पंधरा दिवस राहिले.

तू तळाचं विचारलं होतंस. खरं सांगतो. एकतीस वर्षं मी ती धुक्याची गोष्ट सांगतोय. त्यातलं वाक्य गावातल्या पोराटोरांना पाठ आहे: "धुकं किती का असेना, मी तळ सोडला नाही." मी होडी काढली की आपले पाच-सहा म्हातारे आपापल्या होड्या घेऊन मागे येतात. "रेइनो खाली सोडतोय, खाली सोडा." मीच वजन चाळीसवर थांबवलं तर ते विचारतील ना, का रे बाबा? त्यांनाही एकही मासा नाही. डेट्रॉइटवाले आमच्यावर हसतात, आणि म्हातारे म्हणतात, "थांबा, रेइनोला माहीत आहे." परवा धुकं होतं म्हणून आजूबाजूला कुणी दिसेना, तर वजन चाळीसवर आणलं. पाच मिनिटांत त्या म्हाताऱ्यांतल्या उर्हो साल्मीची होडी शेजारी. मी पुन्हा सोडलं खाली.

डिर्कनं ट्रेलरची चाकं बदलून घेतलीत. फुलं कुंड्यांत तयार आहेत म्हणे. रात्री मी शेडमध्ये जाऊन 'हिल्मा'च्या रिकाम्या जागेकडे बघतो आणि मला हुंदका येतो. बाबांची होडी मोटेलच्या दारात कुत्र्यांसाठी. आपलेच दात, आपलेच ओठ.

काही सुचत असेल तर लवकर लिही.

रेइनो


अ‍ॅस्टोरिया
२३ ऑगस्ट १९६८

रेइनो,

तळ? तळ कुणी सांगितला तुला?

मी त्या दिवशी तळाच्या जवळपासही नव्हते. धुक्यात खोली कळत नव्हती आणि बाबांची तार खडकात अडकून तुटली तर बाबा मला मारतील या भीतीनं मी ती अर्ध्या पाण्यात ठेवली होती. जूनची सुरुवात होती, पाणी वरपर्यंत गार होतं. ट्राउट वर होते. ते साठच्या साठ अर्ध्या पाण्यातले होते. तू अंथरुणात होतास, तुला काय माहीत? "तळ सोडला नाही" हे तुझं तू घातलंस आणि आता तू स्वतःच त्यावर विश्वास ठेवतोस! गावभर सांगितलेल्या थापेच्या मागे गळ ओढत फिरतोयस.

चाळीस फूट. सहा आकडे. सुकाणूवर आयली.

मी हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय, पहिल्या दोनांत शिव्या होत्या. विमानाच्या टपालानं टाकतेय.

सायमा


ऑल्डर पॉइंट
३ सप्टेंबर १९६८

प्रिय सायमा,

बसून वाच.

तुझं पत्र सव्वीसला मिळालं. सत्तावीसपासून चार दिवस वायव्येचा वारा. मागच्या वर्षी अशा वाऱ्यात गेलेले काही जण परत आले नाहीत, त्यामुळे बंदरातून कुणीच हललं नाही. एक तारखेला, रविवारी, लाटा बसल्या. मी एकटाच गेलो. चाळीस फूट. तुकडा सात आकड्यांत. अर्ध्या तासात चिमटा सुटला!

सायमा, ती काठी जी वाकली! चरखी किंचाळायला लागली आणि मागे पन्नास हातांवर तो पाण्याबाहेर आला, आख्खा, चांदीचा. तो खराच होता आणि तू म्हणालीस तिथेच होता. मी सुकाणू सोडून काठी धरली. होडी वाऱ्यावर फिरली, दुसऱ्या बाजूची तार पंख्यात गेली, एंजिन बंद. मासा होडीखालून गेला आणि दोरा तारेवर घासून तुटला. तू तीन महिने एकच सांगत होतीस, दोन माणसं लागतात.

काल लेबर डे. डिर्क ट्रेलर घेऊन दहा वाजता धक्क्यावर. मागच्या सीटवर कुंड्या. कॅफेतली सगळी माणसं बाहेर आलेली, आयलीसुद्धा.

"रेइनो, दिलेला शब्द," डिर्क म्हणाला. वाईटपणानं नाही, अवघडूनच म्हणाला.

"शब्द माझ्या होडीचा दिला होता," मी म्हटलं. "ही माझी नाही."

"मग कुणाची?"

"बाबा काय म्हणाले होते? धुक्यात गेला त्याची होडी. धुक्यात मी गेलो नव्हतो. सायमा गेली होती. साठ ट्राउट तिनं आणले. मी घरात होतो, गालगुंड होऊन."

मला वाटलं, आता उर्हो साल्मी थुंकेल माझ्यावर. तेवढ्यात लेम्पी दारातून ओरडली, "गालगुंड? तेविसाव्या वर्षी?" आणि सगळा धक्का हसायला लागला. उर्हो इतका हसला की त्याला खांब धरावा लागला. मग डोळे पुसून म्हणाला, "पण मेल्या, मग आम्हाला महिनाभर तळाला का नेलंस?"

डिर्क म्हणाला, "मी सायमाशी पैज लावली नव्हती. पण कागद दाखव हं मला." आणि रिकामा ट्रेलर घेऊन गेला.

लाज वाटली. खूप वाटली. आणि एकतीस वर्षांचं ओझं उतरल्यावर पाय हलके होतात तसे झाले. मी तुला तेव्हाच हे सांगायला हवं होतं, तू माशांच्या खोक्याशेजारी उभी होतीस तेव्हाच. मी खिडकीतून बघत होतो. मला माफ कर.

सोबत राज्याच्या नोंदणीचा कागद आहे. मालक म्हणून तुझं नाव घातलंय. खूण केलीये तिथे सही कर.

आयली माझ्याशी बोलत नाही. कालपासून एक शब्द नाही.

रेइनो


अ‍ॅस्टोरिया
९ सप्टेंबर १९६८

प्रिय रेइनो,

पत्र टपाल कचेरीतच उघडलं आणि तिथेच रडले. पोस्टमास्तरनं खुर्ची दिली. त्याला वाटलं कोण गेलं. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, माझ्या भावानं खरं सांगितलं.

एकतीस वर्षं मला वाटायचं की मला राग होडीचा आहे. तो नव्हता. तू खिडकीत होतास हे मला तेव्हाही माहीत होतं. तू बाहेर येशील म्हणून मी थांबले होते.

आता माझं खरं ऐक. आमची होडी किनाऱ्यावर वगैरे नाही. मार्चमध्ये विकली. आरविदची पाठ आता सुधारणार नाही. उन्हाळाभर तुला जे जे लिहिलं ते मी स्वयंपाकघरात बसून, खिडकीतून दुसऱ्यांच्या होड्या जाताना बघत लिहिलं. तुझी पत्रं आली नसती तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही.

सही केलीये. तेव्हा आता 'हिल्मा'च्या मालकिणीचा हुकूम असा. सुकाणूवर आयली. तिला सांगायचं नाही, विचारायचं. ती नाही म्हणाली तर होडी धक्क्यालाच राहील.

आरविद म्हणतो तो रेडिओ ऐकत दोन आठवडे एकटा राहू शकतो. मी बावीस तारखेच्या बसनं निघतेय. चौपन्न अंशांचं पाणी मला स्वतःच्या हातांनी मोजायचंय.

तुझी बहीण
सायमा


ऑल्डर पॉइंट
१६ सप्टेंबर १९६८

प्रिय सायमा,

मी पत्रं लिहिणारी नाही, पण हे रेइनोला लिहू देणार नव्हते.

मी त्याच्याशी बारा दिवस बोलले नाही. धुक्यात कोण गेलं याचा मला एवढा राग नव्हता. राग याचा होता की चार महिने मी बूट घालून दारात उभी होते आणि तो नियम सांगत होता, आणि नियम मोडला गेला तेव्हा हा घरात झोपलेला होता.

शनिवारी तुझं पत्र आलं. त्यानं ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "आयली, येशील का?" त्याच्या आयुष्यात त्यानं मला पहिल्यांदा विचारलं असेल. मी म्हटलं, आधी मी थर्मामीटर सोडणार. माझा आहे तो.

चौपन्न अंश पंचावन्न फुटांवर निघाले, चाळीसवर नाही. वाऱ्यानं थर खाली गेला का? आल्यावर सांग. आम्ही वजनं पंचावन्नवर सोडली. मी सुकाणू धरलं. गाडी चालवते तसं चालवलं, रेइनो म्हणत होता, हळू हळू. लाकडाचा तुकडा सहा आकड्यांत. दुसऱ्याच फेरीला माझ्या बाजूचा चिमटा सुटला. रेइनो काठीकडे धावला, मग थांबला, आणि माझ्या हातातलं सुकाणू घेऊन म्हणाला, "तू घे." मी घेतली. वीस मिनिटं लागली. हात अजून दुखतायत. चौदा पौंडांचा निघाला, रेइनोनं जाळ्यात घेतला. त्याच्या पोटात सतरा एलवाइफ होत्या, तुझ्यासाठी मोजल्यात.

कॅफेत नेला. डिर्क होता, उर्हो होता, सगळे होते. रेइनोला आता गालगुंड म्हणूनच हाक मारतात. उर्हो म्हणाला, "काय गालगुंड, धरलास एकदाचा?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मी नाही. आयलीनं धरला." आणि बाहेर पेट्रोलच्या पंपावर दोन होडीवाले उभे होते, त्यांनाही ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "आयलीनं धरला!"

आईनं मला धुक्यात गेलेल्या माणसाशी लग्न करून दिलं होतं, सायमा. तो माणूस नव्हताच. पण काल कॅफेत जो उभा होता तो मला आवडला, आणि हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तुझी बस पंचवीसला इथे पोहोचते. आम्ही दोघं न्यायला येऊ.

आयली